ताईच्या शोकेसमधला पांढरा हत्ती

न्यू जर्सीत आयसेलिनला माझं भेटवस्तूंचं दुकान आहे आणि त्यात सगळ्यात जास्त खपतात ते हत्ती. एकाला सोंड वर केलेला हवा, कारण तो लक्ष्मी आणतो. दुसऱ्याला दाराकडे तोंड केलेला हवा. अमेरिकन बायका विचारतात, हत्ती खरंच काही विसरत नाही का? मी म्हणते, हो, अजिबात विसरत नाही, घ्या. ज्याला जो अर्थ हवा तो मी देते. खोटं बोलत नाही, पण भावही सोडत नाही. हे दुकान मी एकटीनं उभं केलंय.

एका हत्तीचा अर्थ मात्र मी कधी गिऱ्हाइकाला सांगितला नाही. तो आमच्या आईचा होता. संगमरवरी, पांढरा, मुठीत मावेल एवढा. एरवी तो कपाटात वर असायचा, मला लांबूनच दिसायचा. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर स्टॉल लागतात, तिथे आईनं तो घेतला होता. आई बजावायची, "हा देव नाही. याला हात जोडायचे नाहीत, नवस बोलायचा नाही. घरातल्या बाईला दिवस गेले की उशाशी ठेवायचा आणि बुद्धांच्या आईची, महामायेची आठवण काढायची. ते पोटात आले तेव्हा तिच्या स्वप्नात पांढरा हत्तीच आला होता." आमच्या घरातला नियम असा की बाळंतपण झालं की हत्ती पुढच्या बाईकडे जायचा.

ताईच्या वेळी तो ताईकडे गेला. मग मला दिवस गेले. मी इथे न्यू जर्सीत होते, नवी, एकटी. आईनं ताईला सांगितलं, पाठव. ताई म्हणाली, "पार्सलमध्ये फुटेल." झालं! आईला व्हिसा मिळाला नाही आणि हत्तीला ताईनं सोडलं नाही. माझी लेक जन्मली तेव्हा उशाशी हॉस्पिटलचा पाण्याचा जग होता. हे मी विसरलेले नाही. गेली तीस वर्षं दर फोनवर हा विषय ओठापर्यंत यायचा आणि मी दुसऱ्याच कशावरून तरी भांडायचे.

आई गेली. ताई इथे अमेरिकेतच, मुलाकडे कॅरीला राहायला आली. मला वाटलं, हत्ती नागपुरात कुठेतरी हरवला असेल. आणि मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर ताई बोलत होती, तर तिच्या डोक्यामागच्या शोकेसमध्ये तो! तिच्या सुनेच्या परफ्यूमच्या बाटल्यांना टेकून बसलेला!  जर्सी सिटीत राहणाऱ्या माझ्या लेकीला सातवा महिना लागला होता. मी ताईला काही बोलले नाही. सौद्यात आपली गरज आधी दाखवायची नसते. शुक्रवारी दुकान बंद ठेवलं आणि सकाळीच गाडी काढली. दिवसभर ड्राइव्ह करत कॅरी गाठलं. वाटेत सगळं भांडण दोन्ही बाजूंनी म्हणून बघितलं. ताईच्या बाजूनंही मीच बोलत होते, आणि मीच जिंकत होते.

दार सुनेनं उघडलं. "मावशी! सरप्राइज!" ताई आतून आली. मी चप्पल काढता काढता म्हणाले, "जय भीम. हत्ती दे."

"आधी पाणी तरी पी."

"पाणी नको. माझ्या लेकीला सातवा आहे. तीस वर्षांपूर्वी माझा हक्क मारलास, आता तिचा मारू नको."

ताईनं सुनेकडे पाहिलं. सून लाजून म्हणाली, "मावशी, ॲक्च्युअली... मलाही चौथा सुरू झालाय."

एवढा मोठा धंदा केला, पण समोरचा असा पत्ता टाकेल असं वाटलं नव्हतं. मी आनंदानं किंचाळले, सुनेला मिठी मारली, आणि तिच्या खांद्यावरूनच ताईला म्हणाले, "तरी पण माझी लेक आधी. सात मोठे की चार?"

"सून घरातली आहे."

"मले हिशेब शिकवू नको!" राग आला की माझी भाषा थेट नागपूर गाठते. "आईचा नियम काय होता?"

ताईनं शोकेस उघडून हत्ती माझ्या हातात ठेवला. इतका गार, इतका छोटा! माझी बोटं दुकानातल्या सवयीनं फिरली, सोंड, पाय, शेपूट, कान. डावा कान अर्धाच होता.

"कान तोडलास? माझ्याकडे पार्सलमध्ये फुटेल, आणि तुझ्याकडे शोकेसमध्ये फुटला?"

ताई हसत सुटली. "अगं वेडे, तो तुटकाच घेतलाय आईनं. मी होते सोबत, तू काखेत झोपली होतीस. दुकानदार भाव सोडेना, तर आई म्हणाली, 'भाऊ, हत्तीला कान कमी, तर भाव पूर्ण कसा?' अर्ध्या तासानं त्यानंच हात जोडले, 'घेऊन जा माय.' माझी लाजेनं मान खाली. तू असतीस जागी तर टाळ्या वाजवल्या असत्यास." मग ती हळूच म्हणाली, "हत्ती मला मिळाला गं. पण आईची जीभ तुलाच मिळाली."

मी तो तुटका कान बोटानं चाचपत राहिले. दुकानात एवढासा टवका गेलेली मूर्तीही मी परत पाठवते.

"ने," ताई म्हणाली. "पण सुनेला नववा लागायच्या आत परत पाहिजे."

"पाठवते ना पार्सलनं."

"पार्सलमध्ये फुटेल!" दोघी एकदम म्हणालो, आणि सून दचकली.

"स्वतः आणायचा," ताई म्हणाली. "लेक आणि बाळ घेऊन. आठ दिवस राहायचं."

"चार. दुकान कोण बघणार?"

"आठ."

"पाच."

"आठ."

"सहा, आणि स्वयंपाक माझा."

"आठ. आणि स्वयंपाक तुझा."

मोठमोठे व्यापारी माझ्यापुढे भाव उतरवतात, आणि ही बाई जागची हलेना! आईची जीभ थोडी तिलाही मिळाली असणार. मी आठ कबूल केले. राग गेला असं मी म्हणणार नाही. तीस वर्षांचा राग एका चहात विरघळत नाही.

सकाळी हत्ती ताईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळला, शेजारच्या सीटवर ठेवला आणि वरून बेल्ट लावला. हायवेला लागले तोच लेकीचा फोन स्पीकरवर.

"आई, डिड यू येल ॲट मावशी?"

"हो."

"अँड?"

"मिळाला! माझ्या शेजारी बसलाय!"

ती तिकडे ओरडली, मी इकडे. मग तिनं विचारलं, "इज इट ओके? तुटला नाही ना?"

"कान तुटलाय," मी म्हणाले. "म्हणून तर तुझ्या आजीला परवडला."