काठीचं पुढचं टोक

आमच्या द्वारका आत्याची काठी कुणी पुढून धरलेली तिला खपत नसे. वसईकडच्या वाड्यांतून आंधळ्या माणसाला न्यायची तेव्हा एकच रीत होती. त्याच्या हातातल्या काठीचं पुढचं टोक धरायचं आणि ओढत चालायचं. धरणाऱ्याला पुण्य मिळे, ओढल्या जाणाऱ्याला ठेचा. एकदा देवळाच्या पुजाऱ्यांनीच तिची काठी अशी धरली, तर ती काठी त्यांच्या हातात सोडून मोकळी झाली. म्हणाली, "घ्या, आता तुमीच व्हा आंधळे." आणि कुंपणं चाचपत घरी आली.

लहानपणी देवी येऊन तिचे डोळे गेले. लग्न झालं नाही. माझ्या वडिलांच्या, म्हणजे भावाच्या वाडीत ती विड्याच्या पानांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, लावायची आणि वाडीभर एकटी फिरायची. लोक म्हणत, देवाने तिला आतला डोळा दिलाय. हे ऐकलं की मला अजून राग येतो. कसला आतला डोळा? पडून, खरचटून, पुन्हा उठून तिने वाडी पाठ केली होती. कष्ट हिचे आणि नाव देवाचं.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील. शेजारच्या वाडीतल्या हरिश्चंद्र राऊतांची सून चंद्रकांता तापातून उठली ती दृष्टी गमावूनच. देश स्वतंत्र झाला होता, पण तिला परसात जायचं तरी कुणाला तरी काठीला धरून न्यावं लागे. सासूने, सावित्रीबाईंनी, ठरवून टाकलं की दिवाळीला हिला माहेरी पोचवायची, ती कायमची. नवरा दिनानाथ मान खाली घालून बसला. त्याला तेवढं चांगलं जमायचं.

आत्या काठी आपटत राऊतांच्या ओटीवर गेली आणि म्हणाली, दिवाळीपर्यंत पोर माझ्याकडे द्या. सावित्रीबाई हसल्या. म्हणाल्या, ने. तुळशीला विहिरीचं पाणी एकटीने आणून घातलंन तर राहील इथे, नाहीतर गाडी तयारच आहे. त्या विहिरीला कठडा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्या रोज तिला राऊतांच्याच वाडीत हिंडवू लागली. आधी चपला काढायला लावल्या. पाटाकडेची माती थंड लागते, ती सोडायची नाही. काठी पायांपुढे जमिनीलगत फिरवायची. रेडा फिरवतो त्या रहाटाची कुरकुर कानात घेऊन चालायचं. तळव्याला दगड लागला की विहीर आली. तिथे काठीने डोण शोधायची आणि रहाट ओततो ते पाणी तिच्यातूनच भरायचं. हे सगळं चंद्रकांता लवकर शिकली. अडलं ते एकाच धड्यापाशी. आत्या सांगे, आवाज हरवला तर जागेवर उभी राहा आणि तोंड उघड, विचार. काठी दुसरी, तोंड पहिलं. पण सासऱ्यांपुढे सुनेने तोंड उघडायची रीत आमच्यात नव्हती. आत्या चिडून म्हणायची, "मग विहिरीत पड, पण रीत सांभाळ."

तो दिवस आला. दारात गाडी जुंपलेली, गाडीत चंद्रकांताचं गाठोडं, ओटीवर आम्ही सगळे. ती कळशी घेऊन निघाली. पाटाच्या कडेने केळींपर्यंत नीट गेली आणि थांबली. रहाट बंद होता. हरिश्चंद्रकाकांना दया आली होती. सुनेला रेड्याचा धक्का लागू नये म्हणून त्यांनी तो सोडून बाजूला बांधला होता. भला माणूस, पण तिची वाटच त्याने पुसून टाकली होती.

ती उभी राहिली. सावित्रीबाई म्हणाल्या, बघितलंत? दिनानाथ धावला आणि त्याने तिच्या काठीचं पुढचं टोक धरलं.

चंद्रकांताने काठीला हिसडा देऊन ती सोडवली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्यानं बोलली.

"मामंजी, रेडा जुंपा. त्याचे डोळे बांधून तुमी त्याला रोज विहिरीभोवती फिरवता. तो पडंल असं कधी वाटलं नाय तुमाला. मग माझंच काय भ्या वाटतं?"

काका उठले, रेड्याच्या डोळ्यांवर ढापणं चढवली, त्याला जुंपला. रहाट कुरकुरला. ती निघाली. दगडावर पाय लागला तशी हळू झाली, काठीने डोण शोधली, कळशी भरली आणि आल्या वाटेने परतली. तुळशीला पाणी घातलं आणि उरलेलं सासूच्या पायांवर. सावित्रीबाई म्हणतात ते चुकून सांडलं. मी तिथे होते, ते चुकून नव्हतं.

गाठोडं दिनानाथने उतरवलं. गाडीवान वैतागून विचारू लागला, मग न्यायचं तरी कुणाला? चंद्रकांता म्हणाली, आत्याबाईंना घरी सोडा. आत्या तोवर आळीत उतरलीही होती.

"मना पाय हायत," ती म्हणाली.

आळी अरुंद. गाडीवानाने दोनदा हाका मारल्या, पण ती बाजूला झाली नाही. आमच्या दारापर्यंत ती रिकामी गाडी आत्याच्या मागून, आत्याच्या चालीने आली.