घरच्या बारला कळस

घरात बार करायचं माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि वडिलांसमोर एक घोटही घेतला नव्हता. आमच्याकडची रीतच तशी. बाप घेतो हे पोराला ठाऊक, पोरगा घेतो हे बापाला ठाऊक, आणि दोघं जन्मभर एकमेकांना चुकवत राहतात. आण्णा गवताच्या गंजीमागं, मी भाटघर धरणाच्या पाण्याकडेला मोटारसायकल लावून. एकदा दोघं एकाच वेळी परतलो. दोघांच्याही तोंडात बडीशेप. "लई उकडतंय," ते म्हणाले. "व्हय," मी म्हणालो, आणि आम्ही वेगवेगळ्या दारांनी घरात शिरलो.

आण्णांना पंचाहत्तरावं लागलं तशी मला घाई सुटली. एकदा तरी त्यांच्यासोबत समोरासमोर बसायचं होतं. तोंडानं सांगायची छाती नव्हती, म्हणून बार.

पुण्याच्या मित्रानं मोबाईलवर नवशिक्यांची यादी पाठवली. व्हिस्की, रम, जिन, सोडा, लिंबं, मापाचा पेला, दारू हलवून मिसळायचा शेकर आणि वर्माउथ नावाचं काहीतरी. भोरच्या दुकानदाराला वर्माउथ विचारलं, तर त्यानं मला शेजारच्या औषधाच्या दुकानात पाठवलं. औषधवाल्यानं विचारलं, "जेवणाआधी की नंतर?" मी ते यादीतून काढून टाकलं. शेकर कुरिअरनं आला तो नेमका आईच्या हातात पडला. तिनं त्यात ताक केलं आणि "ह्यो तांब्या लई गुणाचा, थेंब सांडत न्हाई" म्हणून शेजारणीला दाखवूनही आणला.

मुख्य काम कपाटाचं. सुतारकाम करणारे आमचे एक मामा वेल्ह्यात आहेत. त्यांना बार म्हणायची लाज वाटली. फोनवर म्हणालो, "मामा, हॉलमध्ये ठेवायचंय. सागवान वापरा. दोन दारं, आत दिवा, दारांना जाळी. आण्णांसाठी करतोय, झोकात होऊ द्या." मामांनी एकच विचारलं, "तोंड कुठं करणार?" मी म्हणालो, "पूर्वेला." इथंच मी माती खाल्ली.

टेम्पोतून उतरलं ते देवघर. दोन कोरीव खांब, चौकटीवर मोर, वर हातभर कळस आणि घंटा टांगायला पितळी हूक. आळीतल्या बायका चपला काढून आत आल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोराला बुद्धी झाली," ती सगळ्यांना सांगत होती. मी अंगणात जाऊन फोनवर मामांवर मनसोक्त ओरडलो. मामा शांतपणे म्हणाले, "घंटा तुजी तू आण."

नशीब एवढंच, की आईनं स्वयंपाकघरातले देव हलवायला साफ नकार दिला. कपाट रिकामंच राहिलं. पुढच्या रविवारी ती हिर्डोशीला मावशीकडं गेली आणि दुपारी मी दार लावून बाटल्या मांडल्या. दिवा लावला. कळसाखाली रम अशी काही झळकली की बायको तोंडात पदर कोंबून जमिनीवरच बसली. मलाही हसू आवरेना. दोघं भिंतीला टेकून पोट धरून हसत होतो, तेवढ्यात मागच्या दारानं आण्णा शेतावरून आले.

मी घाईनं कपाटाची दारं लोटली, पण जाळीतून त्यांना पेटलेला दिवा दिसलाच. त्यांनी पाय धुतले, टोपी सारखी केली, कपाटापुढं उभं राहून हात जोडले आणि दारं उघडली. बायको स्वयंपाकघरात पळाली. इतक्या वर्षांची लपवाछपवी मी एका बटणावर उजेडात आणली होती. आता हा माणूस माझ्याशी बोलणंच टाकणार, अशी खात्री झाली.

आण्णांनी चष्मा लावून एकेक बाटली वाचली.

"हे कुनासाठी मांडलंय?"

"तुमच्यासाठी," मी म्हणालो. "म्हंजे आपल्या दोघांसाठी. तुमच्यासंगं बसायचं होतं, आण्णा."

त्यांनी मान वर करून कळसाकडं पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संतापले. ते हसत होते. कळसाकडं बोट दाखवून, डोळे पुसत, खोकला येईपर्यंत हसले.

"चटई टाक," ते म्हणाले. "आन् सूनबाईला म्हनावं, शेंगदानं भाज."

मापाचा पेला त्यांनी बाजूला सारला. अंदाजानं दोन गिलास भरले, पाणी घातलं आणि पहिला माझ्या हातात दिला.

"सावकाश घे," ते म्हणाले. "माजा बा कदी माज्यासंगं बसला न्हाई. मला सांगनार कोन हुतं?"

तो एक गिलास मी ऊन उतरेपर्यंत पुरवला.