अब्बांची बेल आणि लोड न होणारा ड्रायव्हर

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. आमच्या घरातच ते नव्हतं. अब्बा नमाज कधी चुकवत नसत, पण कोणी ताईत, उतारा, अंगात येणं असलं काही बोलायला लागलं की उठून गॅलरीत जायचे. मी त्यांच्यासारखीच इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि आता ऐरोलीतल्या एका कंपनीत फर्मवेअर लिहिते – म्हणजे यंत्राच्या आतल्या चिपमध्ये जो प्रोग्राम असतो, तो. एखादी गोष्ट का चालत नाही ते शोधायचं, हेच माझं रोजचं काम. इथे नेमकं उलटं झालंय... एक गोष्ट का चालली, ते मला अजून कळलेलं नाही.

आमचं मूळ गाव उरणकडचं, मोऱ्याजवळ. पण मी वाढले वाशीत, एका जुन्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर. वारा फिरला की एपीएमसी मार्केटातल्या कांद्याचा वास थेट हॉलमध्ये यायचा. अब्बा महापेच्या एका कारखान्यात सर्किट डिझाइन करायचे, आणि सुट्टीच्या दिवशी गॅलरीतल्या टेबलावर घरासाठी काहीतरी बनवायचे. टाकी भरली की वाजणारा भोंगा, अम्मीच्या मिक्सरचा टायमर... बरंच काही अर्धवटही राहायचं.

बेल मात्र पूर्ण झाली. अम्मीचे गुडघे लवकर गेले. ती दारापर्यंत पोचेपर्यंत लोक पुन्हा पुन्हा बटण दाबायचे, कुरिअरवाले तर निघूनच जायचे. म्हणून अब्बांनी स्वतःचा आवाज चिपमध्ये भरला. बटण दाबलं की आतून ऐकू यायचं, "आलो आलो, जरा थांबा हां." मग दार उघडायची अम्मी. नवीन माणूस गोंधळायचा, तिच्या मागे बघायचा. माझ्या मैत्रिणी तर जाता-येता मुद्दाम बेल दाबायच्या आणि अब्बा खरोखर घरात असले तर तेही आतून तेच ओरडायचे.

अब्बा गेले तरी बेल बोलत राहिली. सुरुवातीला काही नातेवाईक म्हणाले, काढून टाका, बरं नाही वाटत. अम्मीने ऐकलं नाही. "दाराला कुनीतरी हाय असं वाटतं," म्हणायची. मीसुद्धा, पर्समध्ये चावी असायची तरी, बेलच दाबायची.

मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. आम्हाला उलव्याला भाड्याने जायचं होतं, सामान बांधायला घेतलं होतं, आणि त्याच गडबडीत एकदा जोराचा व्होल्टेज आला आणि बेल जळाली. अम्मी दिवसा दार नुसतं लोटून ठेवायला लागली. कोणी आलं तर बसल्या जागेवरून म्हणायची, "उघडंच हाय." दाराशी जाणंच तिने सोडून दिलं. एकदा फक्त मला विचारलं, "बेल नव्या घरात न्यायची ना?"

मी बेलचा सर्किट बोर्ड तपासला. पॉवरचा भाग गेला होता, पण आवाज ज्या चिपमध्ये होता ती शाबूत वाटत होती. म्हणजे चिपमधला आवाज बाहेर काढायचा आणि नवीन बोर्डात भरायचा. ती चिप इतकी जुनी की माझ्या ऑफिसातलं एकही साधन तिच्याशी बोलेना. तिच्याशी बोलणारी एकच वस्तू होती – अब्बांचा डिबगर. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा निळा डबा. एक वायर यूएसबीने कॉम्प्युटरला, दुसरी बोर्डाला. त्यातून चिपमधलं वाचता येतं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, पण ड्रायव्हरची – म्हणजे कॉम्प्युटरला तो डबा ओळखायला लावणाऱ्या प्रोग्रामची – सीडी अब्बांनी डब्याबरोबर जपून ठेवली होती.

डबा लॅपटॉपला लावला. जोडलेल्या वस्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं, शेजारी पिवळा त्रिकोण. ड्रायव्हर लोड होत नव्हता. मला वाटलं, जुना ड्रायव्हर, नवीन विंडोज, हे होणारच. ड्रायव्हरची डिजिटल सही तपासण्याची विंडोजची सेटिंग बंद केली, ड्रायव्हर काढून परत टाकला, केबल बदलली, पोर्ट बदलले. तोच त्रिकोण. शेवटी माळ्यावरून अब्बांचा स्वतःचा जुना पीसी उतरवला, ज्यावर तो डबा वर्षानुवर्षं चालला असेल. तिथेही नाही. तेव्हा मात्र माझं अवसान गेलं. ऑफिसातला प्रसाद, आमच्याकडचा हार्डवेअरवाला, फोनवर म्हणाला, "डबाच मेलाय बहुतेक. सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नको, माझ्याकडे आण, उघडून बघू."

रविवारची दुपार होती. डबा परत माझ्या लॅपटॉपला लावून ठेवला होता, बोर्डही जोडलेला होता, पण मी नुसती बघत बसले होते. घर अर्धं खोक्यांत गेलेलं. अम्मी हळूहळू गॅलरीत आली आणि अब्बांच्या स्टुलावर बसली.

"नाय होत?"

"नाही गं. आवाज आत आहे, पण काढता येत नाही."

"यातच हाय?" तिने बोर्डावरच्या चिपकडे बोट केलं.

मी मान हलवली. ती चिपकडे वाकली. मग अब्बा पेपर वाचत बसलेले असताना ज्या आवाजात हाक मारायची, अगदी त्याच आवाजात म्हणाली, "ओ, ऐकताय काय? पोर कधीची दारात उभी हाय."

लॅपटॉपमधून काहीतरी जोडलं गेल्याचा तो छोटा आवाज आला. त्रिकोण गेला. डब्यावरचा हिरवा दिवा, जो मी एकदाही पेटलेला बघितला नव्हता, तो लागला.

मी काही विचार केला नाही हे खरं. स्क्रीनवरचं रीडचं बटण दाबलं आणि हात मांडीवर घेऊन बसले. चिप वाचून झाली, फाइल सेव्ह झाली, मी लगेच तिची कॉपी केली. त्यानंतर दिवा विझला आणि त्रिकोण परत आला. तो डबा नंतर कधीच चालला नाही.

फाइल उघडून आम्ही दोघींनी ऐकली. "आलो आलो, जरा थांबा हां." पण आवाज तिथे संपला नाही. बेल इतकंच वाजवायची, चिपमध्ये पुढचंही भरलेलं होतं. आधी कढईत काहीतरी तळल्याचा आवाज. मग स्वयंपाकघरातून अम्मी, कितीतरी तरुण – "कोनाशी बोलताय?" आणि अब्बा हसत – "कुनाशी नाय गं. तुज्यासाठी करून ठेवतोय."

अम्मीने ते परत लावायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत आम्ही सामानाला हात लावला नाही.

इथपर्यंत मलाही विशेष काही वाटलं नव्हतं. लूज कॉन्टॅक्ट असेल, अम्मीचा हात लागला असेल, टेबल हललं असेल. असं होतं. उलव्याच्या घरी नवीन बोर्ड बसवला, अम्मी परत उठून दार उघडायला लागली, आणि डबा मी प्रसादला नेऊन दिला.

अब्बा डबा बंद केला की स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब लावायचे, कोणी उघडला तर कळावं म्हणून. प्रसादने माझ्यासमोर ते खरवडलं आणि झाकण काढलं. मग बराच वेळ भिंगातून बघत राहिला.

"रुबिना, तू हा डबा वापरून चिप वाचलीस?"

"हो. का?"

त्याने डबा माझ्याकडे सरकवला. आत दोन चिपांच्या जागा होत्या. एक यूएसबीची, ती होती. दुसरी, जी प्रत्यक्ष बोर्डाशी बोलते, तिची जागा रिकामी. सोल्डरचे टाके नीट उतरवलेले, वर धुळीचा थर. अब्बांनी ती कधीतरी दुसऱ्या कशासाठी तरी काढून घेतली असणार.

प्रसादने समजावलं. ड्रायव्हर लोड होताना आधी त्या दुसऱ्या चिपला हाक मारतो. उत्तर आलं नाही तर लोड होत नाही. "म्हणजे तुझ्या विंडोजची चूक नव्हती, ड्रायव्हरचीही नव्हती. तो लोड व्हायलाच नको होता."

"पण झाला."

"तेच म्हणतोय मी."

फाइल आधीपासून कुठे पडलेली असेल म्हणावं, तर लॅपटॉप मी अब्बा गेल्यानंतर घेतला होता. डबा मध्ये कोणी उघडला म्हणावं, तर नेलपॉलिश जसंच्या तसं होतं. प्रसाद कुठल्याच देवाला हात न जोडणारा माणूस. त्याने नंतर कितीतरी दिवस जेवणाच्या सुट्टीत तो डबा वेगवेगळ्या मशीनला लावून बघितला. शेवटी कुठूनतरी ती हरवलेली चिपही मिळवली. म्हणाला, बसवून देतो, नक्की चालेल.

मी अम्मीला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हातातली काडी खाली ठेवून म्हणाली, "तुला आवाज मिळाला ना?"

"मिळाला. पण मिळाला कसा?"

"ते त्यांना इचार." आणि परत मेथीकडे वळली.

प्रसादला मी चिप बसवू नको म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं, मी डबा परत मागून घेतला. तुमच्यापैकी कोणी या लाइनमधलं असेल आणि काही सुचत असेल तर जरूर लिहा. मी स्वतः मात्र आता शोधणं थांबवलंय... आणि खरं सांगू, उत्तर सापडलं तर मला थोडं वाईटच वाटेल.