जुन्या बाजूची पुतळाबाई

पुंडलिकनगरच्या भाड्याच्या खोलीत त्रिंबकला आपलं वाटावं असं एकच होतं, अन् ते होतं पोराच्या लॅपटॉपमध्ये. बिडकीनच्या अंगाला मेंढरं चारण्यात त्याची हयात गेली. तिथल्या माळाला कारखान्यांसाठी तारेचं कुंपण पडलं. चरणाऱ्यांना विचारायची गरज कुणाला वाटली नाही. वरून दुष्काळ. कळप विकला, त्याच साली बायको, पुतळाबाई, गेली. मागं राहिला एक व्हिडिओ: सांजच्याला ती मेंढरांभोवती वाघूर लावतेय, ती जाळी हातात धरून मागं वळतेय अन् ओरडतेय, "अवो, वाघूर धरा की!"

लॅपटॉप आता रडतखडत चालायचा. पोराला, अजिनाथला, क्लाससाठी त्यावर लिनक्स ही दुसरी सिस्टीम हवी होती.

"सगळं पुसून नवंच टाका," सून दिपाली म्हणाली. "मामंजींना व्हिडिओ मोबाईलवर देते."

त्रिंबक भडकला. "मोबाईलात ती मुंगीएवढी दिसती! अन् त्यातलं मला ऐकू तरी येतं का? माळ पुसला, आता हिला बी पुसा!"

"पुसत नाय आबा," अजिनाथ म्हणाला. " जुन्याला जरा सरकवतो, शेजारी नवं बसवतो."

त्रिंबक निवला. हे त्याला कळत होतं. विकत आणलेली मेंढरं आधी जुन्यांशेजारी, मधी वाघूर लावून ठेवायची. एकमेकांचा वास ओळखीचा झाला, की जाळी काढायची.

नवं बसलं. त्रिंबक रोज त्याच्यासमोर येऊन बसू लागला. शेवटी त्यानं विचारलंच, "जाळी कधी काढतो रे?"

अजिनाथला उमगायला वेळ लागला. "ही जाळी निघत नसती, आबा. पण इकडून तिकडचं दिसतं." त्यानं व्हिडिओ लावला. पुतळाबाई मागं वळली, तोंड हललं. आवाज नाही. लई खटपट केली, पण नव्या बाजूला स्पीकर काही बोलेना.

"मुकी केली तिला."

"जुन्या बाजूला बोलती ना! चालू केलं की दोन ओळी येतील, वरची नव्याची, खालची जुन्याची. बाणानं खालच्या ओळीवर जायचं, एंटर दाबायचं."

दुसऱ्या दिवशी त्रिंबकनं स्वतः बटण दाबलं. ओळी आल्या. त्याचं जाड बोट बाणापाशी पोचेस्तोवर कोपऱ्यातले उलटे मोजत जाणारे आकडे संपले अन् मशीन आपलं आपणच नव्यात शिरलं.

"विचारल्यासारखं करायचं अन् जबाब द्यायच्या आत घुसायचं! त्या तारवाल्यांकडंच शिकलंय हे!"

दिपालीला हसू आलं. मग ती नवऱ्याकडं वळली. "अहो, ती मोजणी बंद करा ना. सावकाश निवडू द्या त्यांना."

अजिनाथनं मोजणी काढून टाकली. आता मशीन दोन ओळी घेऊन गुमान उभं राहतं, माणूस सांगेपर्यंत. त्रिंबक बाण चाचपतो, खाली उतरतो, एंटर दाबतो. रडतखडत का होईना, माळ उजळतो.

"अवो, वाघूर धरा की!"

रोज त्याचा हात मांडीवरून उठतो, अन् मधीच थांबतो.