रिकाम्या नळीपुढची सरळ रेघ

संपादक महोदय,

आपल्या मासिकातील अमानवीय हकिकतींविरुद्ध मी आपणास आजवर तीन निषेधपत्रे पाठवली आहेत. आज माझीच हकिकत पाठवताना मान वर होत नाही… परंतु ती शपथेवर सांगावी इतकी खरी आहे.

सहा वर्षांपूर्वी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी अधीक्षक होतो. तेथील पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत लेसरच्या साहाय्याने डोळ्यांना न दिसणारा दूर-अवरक्त किरण तयार करीत. त्याची कंप्रता, म्हणजे वारंवारता, सारखी भरकटे. म्हणून त्याच्या वाटेत फॉर्मिक ॲसिडची वाफ भरलेली काचेची नळी ठेवीत; त्या वाफेचे रेणू ठरावीक कंप्रतेलाच किरण शोषतात, आणि त्या खुणेला लेसर बांधून ठेवता येतो. हे काम मुरगूडचे दत्तोबा, तंत्रसहायक, पाहत. ॲसिड संपून दोन महिने झाले, तरी त्यांच्या नोंदवहीत रोज ‘स्थिर’! मी खोट्या नोंदींचा आरोप ठेवला आणि चौकशी अधिकारीही मीच झालो. हे नियमबाह्य आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

चौकशीच्या दिवशी दुपारी तीन वाजता मी स्वतः पंप लावून नळी निर्वात केली, तोटीवर लाखेची मोहोर उठवली. दाबमापकाचा काटा शून्यावर. दत्तोबांना भिंतीपाशी उभे केले. लेसर सुरू झाला. कंप्रता टिपणारी आलेखावरची लेखणी क्षणभर थरथरली… आणि सरळ रेघ ओढू लागली. तासभर. मी नळी बाजूला सारली — रेघ भरकटली. पुन्हा ठेवली — सरळ. मोहोर शाबूत होती.

दत्तोबा शांतपणे म्हणाले, “साहेब, का हुतंय ते मलाबी ठावं न्हाय. आधी सांगितलं असतं तर येड्यात काढला असतासा. आता दिसलं तेवढंच लिवा की. माज्या नोकरीचा सवाल हाय.”

“ज्याचे कारण देता येत नाही, ते अभिलेखात येणार नाही,” मी म्हणालो.

संशयाचा फायदा आरोपीला द्यावा, असे मी आयुष्यभर इतरांना पत्रांतून सुनावत आलो. अहवालात मात्र लिहिले — आरोप सिद्ध. दत्तोबा बडतर्फ झाले. पुढे इचलकरंजीला यंत्रमागावर पाळी करू लागले, असे कळले.

नंतर एका प्राध्यापकांना विचारले. काचेला चिकटून राहिलेली वाफ असेल, म्हणाले. मग काटा का हलला नाही?

नळीत काय होते, हे मला आजही सांगता येत नाही. त्या तासाभराच्या आलेखाचा कागद मात्र मी अहवालाला जोडला नाही. दत्तोबा खोलीबाहेर जाताच तो मी माझ्या हातांनी फाडला.