पडद्यावरचे आबा

बारामतीच्या एका दवाखान्यात दारातच मोठा पडदा उभा केलाय. त्यावर कंप्युटरने बनवलेले, फेटेवाले, पांढऱ्या मिशांचे एक आबा हात जोडतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "बोला, काय त्रास होतोय?" आपण सांगायचं, मग आबा कुठल्या डॉक्टरकडे जायचं त्याची चिठ्ठी देतात. पूर्वी तिथे नर्सबाई बसायच्या. त्यांना उठवलं.

पावसाळ्याच्या तोंडी माझी आई पणदऱ्याहून एसटीने एकटीच गेली होती. पाळी बंद होऊन वर्षं लोटली होती, तरी तिच्या अंगावरून जात होतं. हे तिने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि समोर कोण, तर हुबेहूब तिचे सासरे. तिने सवयीने पदर ओढला, मान वळवली. "चेहरा समोर आणा," आबा म्हणाले. मागे रांगेत गावातलेच बापे उभे. आई म्हणाली, "गुडघं दुखत्यात." हाडांच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन ती घरी आली.

उसाला तोड आली तरी ती त्याच गोळ्या खात होती. मी जळोचीहून माहेरी गेले, वाळत घातलेल्या लुगड्यावरचे डाग पाहिले, तेव्हा सगळं बाहेर पडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिला घेऊन तडक दवाखाना गाठला. तिथल्या टायवाल्या साहेबांना विचारलं, हे सोंग कुणी निवडलं?

"मॅडम, गावोगाव विचारूनच केलंय. बाईचाही चेहरा दाखवला होता. लोकांना आबाच आवडले."

"कुठं विचारलं?"

"पारावर."

पारावर! आमच्याकडे कोणती बाई पारावर बसते? बायका हव्या होत्या तर सकाळी डेअरीवर दूध घालताना गाठायच्या, भांगलणीला तण काढत असतात तेव्हा बांधावर यायचं. पण चिखलात बूट कोण भरवणार? बाप्यांनी आपल्यासारखा बाप्या निवडला आणि ती म्हणे लोकांची आवड. मी त्यांना नको नको ते बोलले. अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं. मग गर्भपिशवीचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल म्हणाल्या.

"मावशी, फार उशीर केलात. आधी का नाही आलात?"

आईने पदर सारखा केला.

"आल्ते की. दारात मामंजी उभं हुतं. त्यांच्याम्होरं काय बोलू?"