कुंपणावरचा दस्ता

किस्से भुशासारखे असतात. सुतार दिवसभर झाडत राहिला तरी संध्याकाळी कुठल्यातरी कोपऱ्यात ढीग सापडतोच. माझा ढीग साठला तो परदेशात, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात.

मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलो होतो. कोरोना आला, विमानं थांबली, राहिलो पावणेदोन वर्षं. शाळा माझी दुसरीपर्यंत, इंग्रजी येत नाही. पण आपल्याकडे बंदुकांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं थ्री-नॉट-थ्री रायफलीला लाकूड बसवलं. ते इथे उपयोगी पडेल असं काही वाटलं नव्हतं.

*

शेजारी बॅरी, पासष्टीचा, एकटा. आमच्या घरी सगळ्यांना कोरोना झाला तेव्हा चौदा दिवस दूध, भाजी, माझ्या बीपीच्या गोळ्या त्यानेच दारात आणून ठेवल्या. थँक्यू म्हटलं की म्हणायचा, "नो वरीज."

एकदा तो गॅरेजात रायफलचा लाकडी दस्ता पुसत बसला होता. मी सूनबाईला म्हटलं, "गौरी, त्याला सांग, थ्री-नॉट-थ्रीचा आहे."

बॅरीने विचारलं, यांना लांबून कसं कळलं?

"सांग, आपलं पोर पाठमोरंसुद्धा ओळखू येतं."

त्या दिवसापासून कुंपणाच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे त्याची. रायफलीचं लोखंड कायद्याप्रमाणे त्याच्या तिजोरीत कुलूपबंद, लाकूड कुंपणावर. गौरी 'बाबा' म्हणते म्हणून तोही 'बाबा' म्हणू लागला.

*

बॅरीचा मित्र थिओ, ग्रीक. त्यालाही जुन्या रायफलींचा नाद. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला दस्त्यात पलटणीच्या खुणेची पितळी चकती असायची. पुढे घाई वाढली, चकती गेली. म्हणून चकतीवाली सापडली की ही मंडळी हरखतात.

थिओने झूमवर आपली चकतीवाली दाखवली. मी म्हटलं, उजेड बाजूने धर. दस्त्याच्या सगळ्या कडा हाताळून गोल झालेल्या, चकतीच्या खाचेची कड मात्र कोरी करकरीत.

"गौरी, त्याला सांग, म्हातारा खरा आहे. दात नवे बसवलेत."

थिओ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाकलाव्याचा डबा पाठवला. वर चिठ्ठी: 'दात नवे असले तरी चालेल असं.'

*

बॅरीचा दस्ता त्याच्या आजोबांच्या रायफलचा. आजोबा तीच घेऊन लढाईत होते. थिओने मुद्दाम पिल्लू सोडलं, "त्यावर ठिगळ आहे. नंतरची दुरुस्ती, मूळचा नाही."

बॅरीने दस्ता माझ्या हातात दिला. मी तासभर बोट फिरवत बसलो. ठिगळ होतं. पण घामाचा काळा डाग ठिगळावरून सरळ मूळ लाकडावर गेला होता, मध्ये कुठे तुटला नव्हता.

"ठिगळ लावलं त्यानंतरच हा हात लागलाय. इतका घाम लढाईतच मुरतो. रायफल आजोबांच्या हाती होती तेव्हाही ठिगळ होतंच."

बॅरीने नाक पुसलं. मी बजावलं, "पॉलिशपेपर कधी लावू नकोस. ही त्यांच्या हाताची खूण आहे. घासलं की हात गेला."

*

मग दसरा आला. या माणसाचे उपकार कसे फेडू? मी बॅरीकडून दस्ता मागून घेतला, फूल वाहिलं, कुंकू लावलं. कारखान्यात दरवर्षी मशीनला लावायचो. पण लोखंडावरचं पुसलं जातं. हे शंभर वर्षांचं कोरडं लाकूड, ओलं कुंकू पिऊन बसलं.

बत्तीस वर्षं लाकडात काढून मीच बॅरीच्या आजोबांच्या दस्त्यावर डाग पाडला. मान वर होईना. गौरीला म्हटलं, "सांग, हलक्या हाताने घासून काढतो."

बॅरीने दस्ता छातीशी धरला. "नो, बाबा. घासलं की हात गेला."

मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

*

विमानं सुरू झाली. निघायच्या आदल्या दिवशी थिओही आला. बॅरीने वही आणली. मूळचं काय, नंतरचं काय, सगळं तो त्यात लिहितो. गौरीने वाचलं:

"ठिगळ, मूळचं. घामाचा डाग, मूळचा. लाल ठिपका, ट्रुगानिना, बाबांच्या हातचा. मूळचा."

मी गौरीला म्हटलं, "पुन्हा वाच."

थिओने पिशवीतून आपला दस्ता काढून माझ्यापुढे ठेवला. "माझ्या चकतीशेजारी लाकडावर पण एक ठिपका लावा. तेवढं तरी मूळचं होईल."